एसीचा रिमोट वीज कंपनीच्या हाती? गोंदियाकरांनी आधी हा हिशेब पाहावा

आधी थेट उत्तर. गोंदिया जिल्ह्यात घरातला एसी दुरून बंद-चालू करण्याची महावितरणची योजना आज नाही. त्यामुळे तिचा फॉर्म नाही, फी नाही आणि एजंटही नाही. गोंदिया शहर असो, तिरोडा, आमगाव की देवरी, कोणी दारात येऊन ‘एसीला सरकारी डबी बसवून देतो, बिल निम्मं होईल, नोंदणीचे फक्त पाचशे’ म्हणाला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

तरी विषय कामाचा आहे, कारण असं काहीतरी येणार हे दिसतंय. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४ मध्ये नियम केले आणि ग्राहकांची मागणी वेळेनुसार हलवण्याच्या योजना आखण्याचं काम वीज कंपन्यांकडे दिलं. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये ऑटोग्रिड या कंपनीबरोबर असा कार्यक्रम जाहीर केला. त्यात ५५ हजार घरगुती आणि ६ हजार मोठे ग्राहक घेण्याचं, सहा महिन्यांत ७५ मेगावॅट आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत २०० मेगावॅट मागणी कमी करण्याचं उद्दिष्ट होतं. आपल्याकडे त्यातली पहिली पायरी पोचली आहे ती मीटरच्या रूपाने. तेव्हा मीटरपासूनच सुरू करू.

नवा मीटर एसी बंद करेल का?

नाही. महावितरण बसवत असलेला स्मार्ट म्हणजेच टीओडी मीटर तुमचा वापर वेळेनुसार नोंदवतो आणि ते आकडे आपोआप पाठवतो. अख्ख्या घराचा पुरवठा दुरून तोडण्या-जोडण्याची सोय त्यात असते. पण एसी कुठला, कुलर कुठला, फ्रिज कुठला हे त्याला कळत नाही. एकटा एसी बंद करायचा तर एसीतच वायफाय हवं किंवा एसीला वेगळं यंत्र लावायला हवं, आणि दोन्हींना तुमची संमती लागते.

खर्च शून्य. मीटरचे पैसे नाहीत, बसवण्याचे नाहीत. घरगुती ग्राहकाला आधी रिचार्ज करावा लागत नाही, बिल पूर्वीसारखंच वापरानंतर येतं. बसवणारा माणूस ‘वायर, किट, वरखर्च’ म्हणून काही मागत असेल तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बहुतेकांचा वरखर्च आपोआप मिटतो.

मीटर बदलताना दोन मिनिटं तिथे उभे राहा. जुन्या मीटरवरचं शेवटचं रीडिंग आणि त्याचा क्रमांक एकाच फोटोत घ्या, मग नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग. पुढच्या बिलावर हेच आकडे आले का, ते जुळवा. ‘मीटर बदलला आणि बिल वाढलं’ ही तक्रार घेऊन गेलात की पहिला प्रश्न जुन्या रीडिंगचाच येतो, आणि हातात फोटो नसेल तर बोलणं तिथेच थांबतं.

वीज कंपनी आज खरंच काय देते?

दिवसाची सवलत. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट ८० पैसे सूट जाहीर झाली, ती पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाणार आहे. उद्योगांना संध्याकाळी जादा दर लागतो तसा भुर्दंड घरगुतीला नाही, नुसती सूट आहे. अर्ज करायचा नाही. मीटर बसला की बिलात ती वेगळी ओळ म्हणून दिसायला हवी. दिसत नसेल तर तक्रार करा.

आता ही सूट एसीवाल्याच्या किती कामाची? समजा तुमचा दीड टनाचा एसी दुपारी १२ ते ५ चालतो, आणि गोंदियाच्या मे महिन्यात तो तासाला साधारण एक युनिट खातो. महिन्याचे झाले १५० युनिट. ८० पैशांनी सूट १२० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण घरातले पंखे, फ्रिज, मोटर मिळून पहिले १०० युनिट आधीच संपलेले असतात, म्हणजे एसीचं प्रत्येक युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात पडतं. तिथे वहन आकार धरून दर साधारण साडेबारा रुपये, म्हणजे पहिल्या शंभराच्या दुप्पट. १५० युनिटांचे १,८७५ रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. झाले जवळपास २,१७५. त्यातून १२० गेले.

आणि झोपायच्या खोलीतला एसी रात्री १० नंतरच चालत असेल तर ही सूट त्याला लागूच नाही. दुपारी घर बंद ठेवून नोकरीवर जाणाऱ्यांनी या सवलतीवर एसी घेण्याचा बेत करू नये. ज्यांच्या घरी दुपारी आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतात, त्यांना ती खरी मिळते.

आता दुसरा आकडा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा ठोकताळा असा, की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० वर चालणारा एसी २४ वर आणलात, तर त्या १५० युनिटांतले ३६ वाचतात. शुल्कासह पाचशे रुपयांच्या वर. कंपनीची सूट १२०, तुमच्या अंगठ्याची ५२०! १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातून २४ अंशांवरच येतो. आपणच दुकानदारासमोर तो १८ वर नेऊन बघतो आणि मग तिथेच ठेवतो.

२४ अंश आणि छताचा पंखा एकवर, एवढं पुरतं. नवतप्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली पुरत नसेल तर गच्चीवर पांढरा रंग किंवा हिरवी जाळी लावा, एसीचा टन वाढवू नका. कवेलूच्या घरात तर एसीआधी खाली छत बसवावं लागेल, नाहीतर थंडावा फटींतून निघून जातो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कुलर अजूनही सगळ्यात स्वस्त. एसीची खरी गरज आपल्याकडे जून-जुलैत, बांध्यांत पाणी साठलं आणि कुलर नुसता दमट वारा फेकायला लागला की.

बिलात न दिसणारा खर्च

सुरक्षा ठेव. एसी घेतल्यावर लोकांना सगळ्यात जास्त दचकवते ती हीच. नियमानुसार मासिक बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी हवी, आणि दरवर्षी मागच्या वर्षाच्या वापरावरून ती पुन्हा मोजली जाते. वर्षाची सरासरी ९०० वरून १,५०० रुपयांवर गेली तर पुढच्या उन्हाळ्यात १,२०० रुपयांचं अतिरिक्त ठेवीचं वेगळं बिल येतं. ते खोटं नसतं. ठेव तुमचीच राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. एकदम भरणं जड जात असेल तर हप्ते मागा, नियमात मुभा आहे.

मंजूर भार. बिलाच्या पहिल्या पानावर तो छापलेला असतो. एक किलोवॅट मंजूर असेल आणि दीड टनाचा एसी लावलात तर भार वाढवून घ्या. अर्ज महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर होतो. चालू बिल, ओळखपत्र, घराच्या मालकीचा पुरावा आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचा चाचणी अहवाल तयार ठेवा. भाड्याचं घर असेल तर मालकाचं ना हरकत पत्र. रक्कम महावितरणच्या कोटेशनवर येईल, तेवढीच ऑनलाइन भरा. ‘साहेबांकडून करून घेतो’ म्हणणारा मधला माणूस हाच इथला छुपा आकार.

एका एसीसाठी थ्री फेज घेऊ नका. सिंगल फेजवर दीड टन आरामात चालतो. थ्री फेजला स्थिर आकार सुमारे तिप्पट पडतो, तोही बाराही महिने, एसी कपड्याखाली झाकून ठेवला असला तरी.

तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र असल्याने जिल्ह्याला वीज स्वस्त पडते असा समज अजून ऐकू येतो. घरगुती दर महावितरणच्या सगळ्या क्षेत्रात एकच आहे.

दुरून चालवायचाच असेल तर स्वतः चालवा

वायफायचा एसी असेल तर कंपनीचं ॲप फुकट आहे. जुना एसी असेल तर रिमोटचे इशारे पाठवणारी छोटी डबी बाजारात साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते, घरात वायफाय मात्र लागतं. रात्री २ ला तापमान २६ वर, पहाटे ५ ला बंद, एवढंच वेळापत्रक लावलंत तरी डबीचे पैसे एका उन्हाळ्यात वसूल होऊ शकतात. आणि हीच सोय तुमच्या साध्या रिमोटवर ‘टायमर’ नावाने आधीपासून आहे, फुकट.

एक टाळा: स्मार्ट प्लगने एसीची वीजच तोडणं. कॉम्प्रेसर चालू असताना पुरवठा वारंवार तुटला तर त्याला ते मानवत नाही. लहान क्षमतेचा प्लग तर तापून वितळण्याची भीती. बंद करायचा तो रिमोटच्या इशाऱ्यानेच.

उद्या योजना आलीच तर सही करण्याआधी

बाहेरच्या देशांत हा प्रकार जुना आहे, आणि तिथल्या दोन तऱ्हा समजून घेतल्या की काय विचारायचं ते कळतं.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ‘पीकस्मार्ट’ नावाची योजना आहे. एसीला इशारा घेणारं यंत्र बसवतात. मागणी फार वाढली की एसी काही काळ कमी ताकदीवर चालतो, पंखा सुरू राहतो, खोली एकदम तापत नाही. बदल्यात ग्राहकाला ४०० डॉलरपर्यंत रोख परतावा मिळतो. मुद्दा लक्षात घ्या: तिथे कंपनी ग्राहकाला पैसे देते.

दुसरी तऱ्हा अमेरिकेतल्या कोलोरॅडोची. एक्सेल एनर्जीच्या योजनेत नाव नोंदवल्यावर १०० डॉलर आणि पुढे दरवर्षी २५ डॉलर मिळत. ३० ऑगस्ट २०२२ ला कडक उन्हात सुमारे २२ हजार ग्राहकांच्या थर्मोस्टॅटवर ऊर्जा आणीबाणीचा संदेश आला आणि काही तास त्यांना आपल्याच घरातलं तापमान बदलता आलं नाही. लोक चिडले. पण सही त्यांनीच केली होती, आणि ही अट त्या कागदांत होती.

म्हणून गोंदियात असा कागद समोर आला तर पहिला प्रश्न पैशांचा नाही. मधेच मला एसी पुन्हा चालू करता येईल का, आणि कोणत्या प्रसंगी येणार नाही? घरात तान्हं मूल, दमेकरी किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर ‘कधीच अडवणार नाही’ हे लेखी असल्याशिवाय सही नको. ४५ अंशांच्या दुपारी दोन तास बंद खोली ही आपल्याकडे गैरसोयीपुरती राहत नाही.

मग बाकीचं: एका दिवशी जास्तीत जास्त किती तास, वर्षात किती दिवस, किती वेळ आधी मेसेज. मोबदला बिलात वळता होणार की नुसतं प्रमाणपत्र. यंत्र कोणाच्या मालकीचं, बिघडलं तर खर्च कोणाचा, आणि त्यामुळे एसीची वॉरंटी जाते का, हे एसी कंपनीकडून लेखी. तुमच्या वापराची माहिती कोणाला दिली जाईल. बाहेर पडायला किती दिवस आणि किती दंड. भाडेकरू असाल तर मालकाच्या नावावरच्या मीटरचा मोबदला मालकाच्या खात्यात जाईल, ते आधीच बोलून घ्या.

माझं मत विचाराल तर, वर्षाला हजार रुपयांच्या आत कोणी रिमोट मागत असेल तर देऊ नका. तेवढे २४ अंशांवर दोन महिन्यांत सुटतात.

फसवणूक आणि तक्रार

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला’ हा मेसेज गोंदियातही फिरतो. महावितरण कोणाच्या खासगी मोबाइलवरून असे मेसेज पाठवत नाही. ‘एसी सबसिडी’ किंवा ‘मीटर अपडेट’ म्हणून आलेली लिंक उघडू नका, त्यातून ॲप तर मुळीच उतरवू नका. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

खरे मेसेज मिळण्यासाठी मोबाइल नोंदवून ठेवा: महावितरणच्या ॲपवर, किंवा ‘एमआरईजी’ ही चार इंग्रजी अक्षरं, जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक, असं लिहून ९९३०३९९३०३ वर पाठवा. कागदी बिल बंद केलंत तर ‘गो ग्रीन’ची वर्षाला १२० रुपये सूट आहे. वर हिशेबात आलेल्या एका महिन्याच्या दुपारच्या सवलतीएवढीच, आणि तिला एसी लागत नाही.

बिलात सवलत दिसत नाही, रीडिंग चुकलंय, ठेव जास्त लावली: आधी १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर तक्रार आणि तक्रार क्रमांक लिहून घेणं. उत्तर नाही आलं तर जवळच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज, पोच घेऊन. त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. वकील लागत नाही. बिलं, मीटरचे फोटो आणि पोच दिलेल्या अर्जांच्या प्रती न्या. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे. आणि तक्रार चालू आहे म्हणून बिल भरणं थांबवू नका. वादाची रक्कम ‘निषेध नोंदवून’ असं लेखी कळवून भरा, नाहीतर ऐन उन्हाळ्यात जोडणी तुटेल.