पाथूरच्या नटराजाचा धडा

तमिळनाडूतील पाथूर गावी, पडक्या शिवमंदिराच्या आवारात १९७६ साली एका मजुरास चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती जमिनीत सापडली. चोरवाटेने ती लंडनला पोहोचली व १९८२ मध्ये एका कंपनीने विकत घेतली. पुढे खटला उभा राहिला. मूर्ती पाथूरचीच, हे सिद्ध कसे करावयाचे? छायाचित्र नव्हते. अखेर तेथेच सापडलेल्या इतर मूर्तींशी तिची घडण, धातू व अंगावरची माती ताडून पाहावी लागली. इंग्रज न्यायालयाने पडक्या मंदिराचाही दावा मान्य केला आणि १९९१ मध्ये नटराज मायदेशी परतला.

आपल्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. परंतु मूर्तीची नोंदच नसेल, तर चोरी सिद्ध कशी व्हावी?

माझ्या गावच्या देवळाबाहेर तीन वीरगळ उघड्यावर उभे आहेत. उद्या त्यांतील एक नाहीसा झाला, तर तो आमचा होता हे मी कशावरून सांगणार? या सुट्टीत मी त्यांची मापे व छायाचित्रे घेणार आहे. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावापुरते एवढे काम आपणही करावे, ही विनंती.