लोकल मध्येच थांबते तेव्हा

प्रश्न : ठाणे-दादर रोजचा प्रवास. गाडी मध्येच थांबली की छातीत धडधडतं, घाम फुटतो. हृदयाच्या तपासण्या नॉर्मल आल्यात. काय करू?

उत्तर : तपासण्या केल्यात, बरं झालं. म्हणजे ही धडधड बहुधा भीतीची आहे. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला अर्धाच. घाबरलेला माणूस हपापून हवा ओढतो आणि गरगरणं वाढतं. भर सोडण्यावर द्या. नाकाने ४ अंक मोजत श्वास घ्या, ओठांचा चंबू करून ६ अंकांपर्यंत सोडा. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. दोन-तीन मिनिटं करा. डोळ्यांनाही काम द्या : जाहिरातीतली अक्षरं, कुणाच्या साडीचे काठ. घाबरून मधल्याच स्टेशनवर उतरू नका. त्याने भीती पक्की होते. उपाशीपोटी कडक चहा नकोच, त्याने धडधड वाढू शकते. कामावर जाणंच टळू लागलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.