घडीची वाकळ व तिची उशी

कोल्हापूर भागांत जिला वाकळ म्हणतात तिलाच इतरत्र गोधडी म्हणतात, व सीमेपलीकडील कानडी मुलुखांत तीच कौदी होते. नांवें निरनिराळीं असलीं तरी वस्तु एकच : जुनेर एकावर एक पसरून धांवदोऱ्यानें एकजीव केलेलें अंथरूण. शेतकऱ्याच्या घरीं तिची उणीव क्वचितच असते. किंबहुना उतरंड व वाकळांची चवड या दोहोंवरून घराची सुस्थिति अजमावण्याची आमच्या लहानपणीं रीत होती. वाकळ कशी शिवावी हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. तें ज्ञान आमच्यापेक्षां वाचकांच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस अधिक आहे. दिवसां जिची उशी होईल व रात्रीं जी उलगडून पांघरतां येईल अशी वाकळ कशी करावी, एवढाच आमचा विषय आहे.

हा केवळ हौसेचा प्रकार नव्हे. जुन्या पद्धतीच्या वाकळेंत आठ-दहा पदर असतात, मध्यें फाटक्या घोंगडीचे तुकडेही घातलेले असतात. अशी वाकळ ऊबदार खरी, परंतु ती घरांतच राहावयाची वस्तु आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेस व कृष्णेस महापूर आला, आणि जुलै २०२१ मध्यें पुन्हां आला. प्रयाग चिखली, आंबेवाडी व शिरोळ तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें दोन्ही वेळां पाण्याखालीं गेलीं. आम्हीं महसुलाकडे कारकुनी केली असल्यामुळें पाणी ओसरल्यावर नुकसानीच्या याद्या लिहिण्याचें काम आमच्या वांट्यास येई. यादींत ‘कपडे व भांडीं’ इतकेच शब्द असतात. पण घराच्या उंबऱ्यावर उभी असलेली बाई प्रथम बोट दाखवी तें वाकळेकडे. ती चिखलानें भरलेली असे, दोघांनीं धरली तरी उचलत नसे, आणि श्रावणांत ऊन मिळत नसल्यामुळें आठ दिवसांत तिला कुजकट वास सुटे. घर सोडण्याच्या घाईंत कागदपत्रें, धान्य, जनावरें, तान्हीं मुलें यांपुढें वाकळेचा भार कोण उचलणार ? आणि मग शाळेच्या ओल्या फरशीवर रात्र काढण्याची वेळ आली म्हणजे आठवण होते ती तिचीच.

काखेंत मारून नेतां येईल अशी एक तरी वाकळ घरांत असावी, असें आमचें मत तेव्हांपासून झालें आहे. गुऱ्हाळावर किंवा रात्रींच्या पाण्याच्या पाळीस जाणाऱ्यास, चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर वस्ती करणाऱ्यास, पंढरीच्या वारकऱ्यास, आणि बीडकडून ऊसतोडीस येऊन चार-पांच महिने कोपींत राहणाऱ्या कुटुंबांस तिचा उपयोग सांगावयास नकोच. परदेशांतही हा प्रकार आहे. इंग्रजींत पांघरुणास क्विल्ट व उशीस पिलो म्हणतात, त्या दोहोंची मोट बांधून त्यांनीं ‘क्विलो’ असें नांव पाडलें आहे. आम्हांस तें नांव फारसें रुचत नाहीं, परंतु युक्ति घेण्यासारखी आहे.

प्रथम कापडाचा विचार करूं. इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, व १९०६ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत सूत व कापडाची गिरणी स्थापन केली. त्यानंतर कित्येक पिढ्या या भागांत सुती जुनेराचा तुटवडा असा नव्हता. आज गिरणी बंद आहे, आणि घरोघर निघणाऱ्या जुन्या साड्यांपैकीं पुष्कळशा कृत्रिम धाग्याच्या असतात. असें कापड दिसावयास चकचकीत, परंतु घाम टिपीत नाहीं, पदर एकमेकांवरून सरकतात, आणि विस्तवाशीं गांठ पडल्यास वितळून कातडीस चिकटतें. ज्या कोपींत चूल आंतच पेटते तेथें हा धोका लहान नाहीं. परीक्षा सोपी आहे. कडेचे दोन धागे काढून चिमट्यांत धरून जाळावे. सुती धाग्याची मऊ राख होते व कागद जळल्यासारखा वास येतो. कृत्रिम धागा आखडून त्याचा टणक मणी होतो. मणी झाला तर तें कापड वाकळेस घेऊं नये, मग त्याचा काठ कितीही सुंदर असो.

नऊवारी लुगडें ३२४ इंच लांब. त्याचे ७६ इंचांचे चार तुकडे पडून थोडें उरतें. मात्र बसण्या-उठण्यानें विरलेला भाग वगळल्यास तीनच धरावे. आम्ही जें माप सुचवितों तें ५४ इंच रुंद व ७६ इंच लांब असें आहे. लुगड्याचा पन्हा यास कमी पडतो, तेव्हां धोतराची अगर चादरीची पट्टी जोडावी. पदर सहा पुरेत : खालीं अस्तर, वर ठिगळांचा दर्शनी पदर, आणि मध्यें चार. मध्यें घोंगडी, टॉवेल किंवा जाड सतरंजी मुळींच घालूं नये. घडी करतांना तीच आडवी येते. सर्व कापड शिवण्यापूर्वीं कढत पाण्यांत धुवावें. लाल व काळें निराळें धुवावें, व पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावें.

उशीची जाडी किती होईल हें आधींच काढतां येतें. ही वाकळ रुंदीकडून तीन पदरी व लांबीकडून चार पदरी दुमडते, म्हणजे एकावर एक बारा थर येतात. तेव्हां शिवण्यापूर्वीं सहाही पदर एकत्र ठेवून त्यांचा एक कोपरा बारा घड्यांचा करून हातानें दाबून पाहावा. उशी फार चपटी वाटल्यास एक पदर वाढवावा, फुगल्यास कमी करावा. हा हिशेब न करतां शिवावयास बसणाऱ्यांची वाकळ चांगली होते, पण उशींत शिरत नाहीं.

टाके घालण्याच्या रीती अनेक आहेत. हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या बाजूच्या सिद्दी स्त्रिया आपली कवंदी शिवतांना कडेपासून आरंभ करून चौफेर फिरत फिरत मध्यावर येतात, व चारही कोपऱ्यांस दुमडलेल्या तुकड्यांचीं फुलें लावतात. ती रीत फार देखणी आहे. परंतु घडीच्या वाकळेस आम्ही लांबीच्या दिशेनें सरळ ओळी पसंत करतों. ओळींत एक इंच अंतर ठेवावें, आणि दोन्ही बाजूंच्या कडांपासून १७ इंचांवर जी घडी पडावयाची तेथें अंतर दीड इंच करावें. तेवढ्यानें वाकळ तेथें आपण होऊन मुडपते. कोपऱ्यांस फुलें लावावयाचीं असल्यास पातळ लावावीं.

आतां पिशवीकडे येऊं, कारण सगळी करामत तिच्यांतच आहे. २० इंच लांब-रुंद असा चौरस दुपदरी तुकडा तयार करावा. त्याची एक बाजू दर्शनी असावी. इरकलीचा पदर, खणाचे तुकडे, जें घरांत जपून ठेवलें असेल तें येथें लावावें. दुसरी बाजू साधी चालेल. वाकळ पुरी शिवून झाल्यावर ती पालथी घालावी, म्हणजे अस्तर वर येईल. तिच्या पायगती, आडव्या कडेच्या बरोबर मध्यावर, हा चौरस ठेवावा. दोन्ही बाजूंस १७-१७ इंच जागा उरेल. चौरसाची दर्शनी बाजू खालीं, म्हणजे अस्तराकडे तोंड करून असावी. ती वर ठेवण्याचा मोह सर्वांसच होतो, कारण चांगली बाजू लपविणें मनास पटत नाहीं. परंतु वर ठेवल्यास उशी झाल्यावर साधें कापड बाहेर येतें व इरकलीचा पदर आंत दडतो. चौरसाची वाकळेच्या कडेशीं लागलेली बाजू व उजवी-डावी अशा तीन बाजू सर्व पदरांतून सुई काढून उलट्या टाक्यानें पक्क्या शिवाव्या. चौथी, म्हणजे वाकळेच्या मध्याकडील बाजू उघडी ठेवावी. तें पिशवीचें तोंड. तोंडाच्या दोन्ही टोंकांस सर्वांत अधिक ताण बसतो, म्हणून तेथें कापडाचा लहान त्रिकोण लावून दुहेरी शिवण घालावी.

उशी करतांना पिशवींत दोन्ही हात घालून आंतले दोन कोपरे धरावे व पिशवी उलटी करून बाहेर काढावी. असें केल्यानें पिशवीची दर्शनी बाजू बाहेर येते व शेजारचे १७ इंचांचे पंख आपोआप आंत जातात. मग उरलेल्या वाकळेच्या दोन्ही कडा त्याच रेषेंत दर्शनी पदरावर आणून दुमडाव्या. एक लांब पट्टी तयार होईल. ती ५६ इंच असते. दूरच्या टोंकाकडून तिच्या तीन घड्या घालाव्या. प्रत्येक घडी १९ इंचांहून किंचित् कमी पडते, म्हणून २० इंचांच्या पिशवींत ती अडकत नाहीं. घड्या तोंडांतून आंत सारून कोपरे बोटांनीं भरावे. उशीच्या एका अंगास आपला जपलेला तुकडा दिसतो, दुसऱ्या अंगास अस्तर. यासाठीं अस्तराच्या तेवढ्या भागावर शिवणीपूर्वींच एक बरें कापड जोडून घेतल्यास दोन्ही बाजू शोभतात.

रात्रीं वाकळ पांघरली असतां हीच पिशवी पायांशीं येते, व थंडींत तिच्यांत पाय घालून निजल्यास मोठें सुख वाटतें. यावर आमच्या घरांतील वडील मंडळींनीं एक आक्षेप घेतला तो येथें नमूद करणें प्राप्त आहे. रात्रीं जेथें पाय, दिवसां तेथेंच डोकें, हें त्यांस मान्य झालें नाहीं. आक्षेप बिनतोड आहे, कारण पिशवी उलटल्यावर तीच आंतली बाजू बाहेर येते. आमच्याकडे तोड अशी निघाली कीं, ज्याला पाय घालावयाचे असतील त्यानें ती टेकण्यास घ्यावी, डोक्याखालीं घेऊं नये. आणि आजीच्या लुगड्याचा तुकडा ज्या पिशवीस लावला आहे तींत पाय घालूंच नयेत. प्रत्येक घरानें आपल्या रीतीप्रमाणें ठरवावें.

हल्लीं शहरांत व परगांवीं वाकळांस मागणी होऊं लागली आहे, तेव्हां किंमतीविषयीं लिहिणें अवश्य आहे. घरची वस्तु, घरचें जुनेर, रिकामा वेळ, असें म्हणून बायका हातचें मोल सोडून देतात, व घेणाराही तेंच म्हणतो. आम्ही जन्मभर आंकड्यांशीं झटलों, म्हणून हाही हिशेब मांडून पाहिला. इंचास एक याप्रमाणें ५४ ओळी, प्रत्येक ७६ इंचांची : एकूण ४१०४ इंच, म्हणजे ११४ वार शिवण. इंचांत तीन टाके धरले तर बारा हजारांवर टाके झाले. तासास तीन वार असा हात चालला तर नुसत्या धांवदोऱ्यास ३८ तास लागतात. ठिगळें जोडणें, कच्चे टाके व पिशवी यांस आणखी दहा-बारा तास. एकूण सुमारें पन्नास तास. म्हणजे आठ तासांचा रोज धरल्यास सहा दिवसांहून अधिक. भांगलणीस जाणाऱ्या बाईस आपल्या गांवीं जो रोज पडतो त्याची सहापट, वर दोऱ्याचा खर्च, याहून कमी सांगूं नये. पुढ्यांत बसून कोणी घासाघीस करूं लागल्यास त्यास एक वार शिवून दाखवावयास सांगावें.

दोरा सुती व दुहेरी घ्यावा, त्यास मेण लावल्यास गुंतत नाहीं. सुई फार जाड नको. दाभणानें पडलेलीं भोकें जुन्या कापडांत वाढत जातात.

पावसाळ्यांत ही वाकळ उशी करून महिनोन्महिने ठेवूं नये. बारा थरांच्या आंत दमट हवा कोंडते व सुती कापडास बुरशी धरते. गगनबावडा, राधानगरीकडील मंडळींनीं तर विशेष जपावें. आठवड्यांतून एकदां उलगडून चुलीच्या खोलींत दोरीवर टाकावी, आणि उघाड पडली कीं उन्हांत घालावी. घडी करतांना पिशवींत वाळलेला कडुनिंबाचा पाला पातळ फडक्यांत बांधून ठेवावा. मोकळा टाकल्यास त्याचा चुरा टाक्यांत शिरतो व अंगास टोंचतो.