बाळाच्या भावनांना नाव देऊ या

बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक राग, भीती व आनंद बाळाच्या ठायी शब्दांच्या आधीच असतात. नसते ते त्यांचे नाव. ते देणे हे घरातल्या मंडळींचे व शब्बाथशाळेत शिशुवर्ग सांभाळणाऱ्यांचे काम आहे.

बाळ प्रथम आपला चेहरा वाचते. सुमारे दोन महिन्यांचे बाळ आपल्याला पाहून हसू लागते. वर्षाच्या सुमारास काही नवे दिसले की ते आधी आपल्या तोंडाकडे पाहते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वर्षाच्या बाळांना जाड काचेवर ठेवले होते. काचेखाली पुढे खोलगट भाग दिसे व पलीकडे आई उभी असे. आईचा चेहरा आनंदी असता १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती असता १७ पैकी एकही गेले नाही.

तेव्हा आपण काय करावे?

१. दिसेल त्या भावनेला नाव द्यावे. "राग आला का?" "भ्यालं का बाळ?" शब्द सोपे असावेत, चेहरा व आवाज त्यांना साजेसा असावा.

२. भावना पुसून टाकू नये. बाळ पडले की आपण "मुंगी मेली" म्हणतो, जमिनीला चापट मारतो. रडे थांबते, पण दुखण्याला शब्द मिळत नाही. त्याऐवजी जवळ घेऊन "पडलं ना? दुखलं? मी आहे हं," असे म्हणावे. बागुलबुवाचे भय तर घालूच नये. ज्याला भीती दाखवून गप्प केले, ते मूल पुढे आपली भीती कोणाला सांगणार?

३. कृती थांबवावी, भावना नव्हे. बाळ चावले तर हलकेच दूर करून "राग आला, कळलं; पण चावायचं नाही," असे सांगावे. एकदा सांगून भागत नाही. शंभरदा सांगावे लागते.

४. आईलाही सांभाळावे. बाळंतपणानंतर काही आयांचे मन फार खिन्न होते व चेहरा मिटून जातो. त्यांना दोष न देता डॉक्टरांकडे न्यावे, आणि बाळाला घटकाभर बापाने, आजीने, शेजारणीने घ्यावे. बाळाला हसरा चेहरा मिळतो व आईला विसावा.

चर्चेसाठी प्रश्न :
(१) रडणाऱ्या बाळाला गप्प करताना आपल्या घरी कोणते शब्द वापरतात?
(२) त्यांतून बाळ काय शिकत असेल?