भर उन्हात लॅपटॉप वाचताना

स्वयंचलित हवामान केंद्रांची देखभाल करणं हे माझं काम. सोलापूर-नगरकडच्या माळरानांवर, शेतांच्या कडेला ही केंद्रं उभी असतात. आकडे एरवी सिमकार्डावरून आपोआप पुढे जातात. पण सिम बंद पडलं किंवा सेन्सर बदलला, की डेटालॉगरला, म्हणजे आकडे साठवणाऱ्या यंत्राला, केबल लावून लॅपटॉप उघडावाच लागतो. आणि केंद्र असतं ऐन उघड्यावर, कारण पर्जन्यमापकापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवी, असा दंडक आहे. सावली जिथे असायला नको, नेमकं तिथेच आमचं बस्तान.

अशा वेळी पडदा नीट वाचता येणं ही सोयीची बाब राहत नाही. पर्जन्यमापकातली छोटी बकेट ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा कलंडते, आणि लॉगरमध्ये ०.२५ भरलं गेलं, तर ४०० मिलिमीटर पडलेला पाऊस ५०० नोंदवला जातो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई अशाच आकड्यांवर ठरते. डाळिंबवाल्याचं वर्ष त्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर अवलंबून असतं. म्हणून उन्हात पडदा वाचण्याबद्दल जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. पडदा अंधूक होत नाही, त्याचा आरसा होतो

बहुतेक जण आधी ब्राइटनेस वाढवतात. ती वाढवावीच, पण खरी अडचण निराळी आहे. कार्यालयात टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. दुपारच्या उन्हात तोच लाखाच्या घरात जातो. साध्या लॅपटॉपचा पडदा २५० ते ३०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप). चकचकीत काच समोरून आलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. उन्हात उभ्या माणसाचा पांढरा सदरा साधारण २५,००० निट्स इतका झळाळतो. त्याचे ४ टक्के म्हणजे १,००० निट्स. पडद्याच्या स्वतःच्या उजेडाच्या तिप्पट! ब्राइटनेसची पट्टी टोकाला नेऊन हे अंतर भरून निघणार नाही.

त्यामुळे लॅपटॉप सुरू करण्याआधी मी बंद, काळ्या पडद्यात पाहून घेते. कधी त्यात ढग दिसतो, कधी जीपचा पत्रा, कधी माझीच ओढणी. जे आत्ता दिसतंय तेच नंतर अक्षरांवर चढणार. पडद्यात काळोखाशिवाय काही दिसेनासं होईपर्यंत जागा आणि कोन बदलायचा, मगच बटण दाबायचं. एवढी एक सवय लागली तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

२. उन्हाच्या कामाला गडद कपडे

उन्हात पांढरं घालावं, हे अंगासाठी खरं आहे. पण पडद्यासमोर बसायचं तर छातीपासून खांद्यांपर्यंतचा भाग गडद हवा. मी गडद निळा सुती कुर्ता घालते आणि डोक्यावर काठाची टोपी. टोपीचा फायदा दुहेरी: आभाळाचा थेट उजेड डोळ्यांत शिरत नाही, त्यामुळे बाहुल्या फार आकसत नाहीत आणि मंद पडदाही वाचता येतो.

३. सावली डोक्यावर हवी, काळोख पाठीशी

ही गोष्ट सगळ्यांत उशिरा लक्षात येते. झाडाखाली बसलं आणि पाठीमागे उन्हानं तळपणारं रान असलं, तर ते रान पडद्यात उतरतंच. त्यापेक्षा गोठ्याच्या दारात, पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर, आतल्या काळोखाकडे पाठ करून बसावं. पडदा तेव्हा फक्त तो काळोख दाखवतो.

पण केंद्र तर दूर, उघड्यावर! इथे केबलची लांबी कामाला येते. साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. जुन्या धाटणीची आरएस-२३२ सिरियल केबल मात्र १५ मीटरपर्यंत चालते. लॉगरला सिरियल पोर्ट असेल तर लांब केबल आणि कनव्हर्टर सोबत ठेवावा. बऱ्याचदा बांधावरच्या झाडापर्यंत किंवा जीपच्या मागच्या सीटपर्यंत पोचता येतं.

४. पडदा मागे कलंडू देऊ नका

मांडीवर लॅपटॉप घेतला की पडदा आपोआप मागे झुकतो आणि थेट आभाळाकडे तोंड करतो. दिवसा आभाळाइतकं मोठं, उजळ दुसरं काही नसतं. म्हणून लॅपटॉप उंचावर ठेवायचा, अवजारांच्या पेटीवर किंवा जीपच्या बॉनेटवर (बॉनेट तापलेलं नसेल तर), आणि पडदा काटकोनात उभा करून समोरून पाहायचा.

५. झाड आणि महिना, दोन्ही पारखून

बाभळीची सावली विरळ. तिच्याखाली उन्हाचे कवडसे पडद्यावर नाचत राहतात आणि ते सलग उन्हाइतकेच त्रासदायक होतात. वड, आंबा, चिंच दाट, कडुलिंबही चालतो.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत भर दुपारीही सावली मिळते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र महाराष्ट्राच्या बऱ्याच भागातून शून्य सावलीचा दिवस सरकत जातो. मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर, भिंतीची सावली भिंतीच्याच पायाशी. तेव्हा भिंत शोधण्यात वेळ घालवू नये, छप्पर शोधावं. पावसाळ्यातलं पांढरं आभाळ तर चहूकडून उजेड सांडतं, झाड असो वा नसो. त्यावर उपाय पुढचा.

६. पुठ्ठ्याचा खोका

किराणा दुकानातून मोठा खोका आणायचा. लॅपटॉप आत सरकेल आणि पडदा उभा राहील एवढा. समोरची बाजू कापून काढायची, केबलसाठी मागे बोटभर भोक. आतून काळा रंग द्यायचा, पण ऑइल पेंट नको, तो चमकतो. काळा पोस्टर कलर उत्तम, नाहीतर काळं सुती कापड फेविकॉलनं चिकटवायचं. वरच्या कडेला हातभर काळं कापड सोडायचं, ते डोक्यावरून घेतलं की आत संध्याकाळ होते. जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे असंच कापड ओढून घेत. भर माळावर, जिथे ना गोठा ना झाड, तिथे ०.२ आणि ०.२५ मधला फरक मला याच खोक्यात स्वच्छ दिसतो. बाजारातले तयार हूड घडी होतात, हलके असतात; काम तेच करतात.

७. सेटिंग

डार्क मोड बंद. काळी पार्श्वभूमी म्हणजे आरशाला मोकळं रान. पांढऱ्यावर काळी, मोठी अक्षरं ठेवावीत. बॅटरी सेव्हर ब्राइटनेस परस्पर कमी करतो, तोही बंद. मॅट फिल्ममुळे प्रतिबिंबं पुसट होतात, सावलीत ती छान चालते. थेट उन्हात मात्र सगळा पडदा पांढुरका पडतो.

८. गॉगल

साधा गॉगल पडद्याचा उजेड आणि चकाकी दोन्ही सारखीच कमी करतो, त्यामुळे अक्षरं उठून दिसत नाहीत. पोलराइज्ड गॉगलची वेगळीच गोष्ट: एलसीडीतून निघणारा प्रकाश आधीच एका दिशेत बांधलेला असतो, आणि गॉगलची दिशा त्याला आडवी गेली की पडदा काळाकुट्ट दिसतो. लॅपटॉप बिघडला समजून घाबरू नये. मान तिरकी करून पाहावी.

९. उन्हासाठी बनवलेले पडदे

ते आहेत. रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत २००७ पासून मुलांच्या हाती एक्सओ लॅपटॉप होते. त्यांचा मागचा दिवा बंद केला तरी उन्हाच्याच उजेडावर पडदा कृष्णधवल वाचता येई. ती वाट पुढे रुंद झाली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आज १,००० निट्सचे मजबूत लॅपटॉप मिळतात, पण महाग. शेतावर काम करणाऱ्या संस्थांनी निदान एक तरी घ्यावा.

१०. ऊन यंत्रालाही लागतं

बहुतेक लॅपटॉपना ३५ अंशांपर्यंतची हवा चालते, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. खोक्यात हवा कोंडते, म्हणून पंख्याच्या बाजूला झरोका ठेवावा. पडद्यावर काळसर डाग उमटले तर लॅपटॉप लगेच बंद करून सावलीत न्यावा. निवल्यावर डाग बहुधा जातात. बंद जीपमध्ये तो विसरू नये, बॅटरीचं आयुष्य तिथेच घटतं. आणि पूर्ण ब्राइटनेसवर चार्ज झरझर उतरतो, तेव्हा आकडे उतरवण्याचं काम शक्यतो सकाळी दहाच्या आत उरकावं. सेन्सर पुसणं, खांबाचे नटबोल्ट आवळणं नंतरही होतं.