गळणारा गीझर : घरातच सापडणारा विज्ञानाचा एक पाठ



बाथरूममधल्या गीझरखाली थेंब थेंब पाणी पडतंय, आणि आपण खाली बादली ठेवून मोकळे झालो, असं बऱ्याच घरांत चालतं. पण त्या थेंबांचा आधी हिशोब करा. मुलांनाच करायला लावा. साधारण 20 थेंबांचं 1 मिलिलीटर पाणी होतं. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे 4 लीटरपेक्षा थोडं जास्त. पाचवी-सहावीच्या मुलाला हे गणित सहज जमतं, आणि बादली बघून पडताळताही येतं.

आता गळती कुठून, हे शोधायचं. त्याआधी मेन बोर्डावरचा गीझरचा एमसीबी खाली करा. नुसतं बाथरूमचं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत, हे विसरून चालणार नाही. पाणी निवू द्या. मग बाहेरचा सगळा भाग कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. आधी कोणता तुकडा भिजला ते बघा. पाणी वरून ओघळत खाली येतं, त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सेफ्टी व्हॉल्व्हबाबत. थंड पाणी आत येतं तिथे हा छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो, आणि त्याच्या बाजूच्या भोकातून गीझर चालू असताना काही थेंब पडतात. हा बिघाड नाही! उष्णतेने द्रवाचं प्रसरण होतं, हे मुलांना पाठ असतं. इथे ते डोळ्यांनी दिसतं. 15 लीटर पाणी 25 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की ते जवळजवळ 200 मिलिलीटरने वाढतं, म्हणजे एक पेलाभर. आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबात ही अडचण नव्हती. बंब वरून उघडा, पाण्याला वाढायला जागा होती. (त्याला भोक पडलं तर तांबटाकडून झाळून आणायचा, काम संपलं.) गीझरची टाकी मात्र बंद. आत आलेलं पाणी व्हॉल्व्ह मागे जाऊ देत नाही. नळ बंद असेल तर वाढलेल्या पाण्याने जायचं कुठे? दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते या भोकातून बाहेर पडतं.

म्हणून कृपा करून ते भोक एम-सील लावून किंवा बूच ठोकून बंद करू नका. "गळती थांबली" म्हणून आपण खूश होतो. पण थर्मोस्टॅट कधी अडकला, तर पाणी तापत राहील, दाब वाढत राहील आणि टाकी फुटू शकेल. खाली मूल आंघोळ करत असू शकतं. त्या भोकाला बारीक नळी जोडून ती खाली मोरीपर्यंत सोडणं हा योग्य मार्ग. गीझर बंद आणि गार असतानाही थेंब थांबत नसतील, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले असतील किंवा पाण्याचा दाबच जास्त असेल. टाकी 10 मीटर वर असली की साधारण 1 बार दाब मिळतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर तो बराच वाढतो. अशा वेळी त्याच क्षमतेचा नवा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

कागद कनेक्शन पाईपच्या नटाशी भिजला असेल तर काम घरी होण्यासारखं आहे. अँगल कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा, खाली बादली ठेवा आणि पान्याने नट सोडवा. आतला रबरी वॉशर चपटा किंवा कडक झालेला दिसेल. तो बदला. अशा वॉशरच्या जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही; पाणी वॉशर अडवतो, आटे नाही. टेप लागते ती नुसत्या आट्यांच्या जोडाला. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून द्या. उलटे दिले तर घट्ट करताना टेप सुटून येते. नट आधी हाताने बसवा, मग पान्याने थोडासाच. जोर लावला की वॉशर फाटतो.

पाणी गीझरच्या आवरणातून, वायरींच्या बाजूने येत असेल तर हात लावू नका, मेकॅनिकच बोलवा. तिथलं गॅस्केट गेलं असेल तर बदलता येतं. टाकीच गंजून भोक पडलं असेल, तर गीझर बदलावा लागतो.

दुरुस्तीनंतर कॉक उघडा आणि गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत थांबा. टाकी भरल्याशिवाय वीज दिली तर कॉइल जळते. जोडांना पुन्हा कोरडा कागद गुंडाळा आणि या वेळी तो तपासायचं काम मुलांकडे द्या. तासाभराने कागद कोरडा असला, तरच एमसीबी वर करा.