कोंबडीची चरबी: कचरा की फोडणी?

गावरान कोंबडी आपण जिवंत वजनावर घेतो. म्हणजे तिच्या पोटातल्या पिवळ्या चरबीचेही पैसे मोजतो. मग तीच कचऱ्यात टाकतो आणि फोडणीला तेल विकत आणतो!

व्हिडिओत दाखवलं तसं, चरबीचे बारीक तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या पाण्यासोबत मंद आचेवर ठेवा. पाणी पूर्ण आटू द्या. तडतड थांबली, तुकडे सोनेरी झाले की स्वच्छ फडक्यातून गाळा. घाई इथेच नडते. पाणी किंवा मांसाचा कण राहिला तर चरबी लवकर खराब होते. निवली की कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, बरणीवर तारीख लिहा. खवट वास आला तर सरळ फेका, मसाल्यात दडवायला जाऊ नका.

चिकन रश्शाचं वाटण निम्मं तेल, निम्मी चरबी घेऊन परता. चव लगेच कळते. पण शाकाहारी डबेही देत असाल तर बरणी, चमचा, कढई वेगळीच हवी. डाळ-भाजीत एक थेंबही जाता कामा नये. हे जमणार नसेल तर चरबी वापरूच नका.

गाळून उरलेल्या कुरकुरीत तुकड्यांना मीठ-तिखट लावा. आमच्याकडे ते गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाहीत!